फोर्तुनातोनं रांजण घासला!

"त्यात काय एवढं? मका शिजवायचा, गाळायचा, रांजणात ओतायचा! चिचा आपोआप होते!" फोर्तुनातोनं मिशीवरून हात फिरवला.

त्याची बायको इलारिया लेकीच्या बाळंतपणाला कुस्को शहरी निघाली होती, आणि इकडे रविवारी नव्या घरावर कौलं चढायची होती. शेजारीपाजारी फुकट राबायला येणार, पण कशावर? इलारियाच्या हातच्या मक्याच्या बिअरवर! चिचा बिघडली तर माणसं अंगावरचे पोंचो झटकून घरी जाणार, आणि पावसाळा तर तोंडावर आलेला.

"अहो, नीट कराल ना?"

"तू नातवाचं बघ गं!"

गडी कामाला लागला. मोड आणून वाळवलेला मका त्यानं दिवसभर मंद आचेवर उकळला. ढवळून ढवळून खांदे भरून आले, पण वास काय सुटला होता! मग तो रांजणात डोकावला आणि त्यानं नाकच धरलं. तळाला बोटभर काळपट, आंबूस गाळ!

"शी! इतकी वर्षं आम्ही हे पितोय?"

साबण लावून त्यानं रांजण असा घासला, की घडवणाऱ्या कुंभारानंही ओळखला नसता!

शुक्रवार उजाडला तरी रांजण ढिम्म. ना फेस, ना बुडबुडा. चाखून बघितलं तर नुसती गोड पेज, वर साबणाचा वास! फोर्तुनातो धावत शेजारच्या सातुर्निनाकडे गेला. चिचेच्या बाबतीत ही बाई इलारियाची जन्माची वैरीण!

सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "भाऊजी, गाळ फेकलात? अहो, तेच तर विरजण! चिचा काय तुमच्या मिशीकडे बघून फसफसणार आहे?"

"वहिनी, वाचवा! माझं घर उघडं राहील हो!"

सातुर्निना डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग तिनं आपल्या रांजणातला वाडगाभर गाळ काढून दिला. "घ्या. ते साबणाचं पाणी ओतून द्या, रांजण चारदा उकळत्या पाण्यानं धुवा, नवा मका शिजवा. आणि हे कोमटात घाला हं! गरमात घातलंत तर मरेल बिचारं. पण चव माझी येणार, आधीच सांगते!"

रविवारी फेसानं झाकण उचललं होतं! पहिला घोट धरणीमातेला, मग माणसांना. माणसं छपरावर अशी चढली, की दुपारपर्यंत आढ्यावर शकुनाची मातीची बैलजोडीसुद्धा बसली.

तेवढ्यात नातवाचं तोंड बघून, गाठोडं घेऊन इलारिया दारात!

"वहिनी!" छपरावरून कुणीतरी ओरडलं. "यंदा हात भलताच जमलाय हो! इतकी फक्कड चिचा कधी प्यायलो नव्हतो!"

फोर्तुनातोला वाटलं, आता धरणीनं आपल्यालाही पोटात घ्यावं. इलारियानं ग्लास तोंडाला लावला. थांबली. परत एक घोट घेतला.

"ही सातुर्निनाची चव!"

नाइलाजानं त्यानं सगळं सांगून टाकलं. इलारियानं नव्या छपराकडे बघितलं, ग्लास रिकामा केला, ओठ पुसले.

"चांगली झालीय मेली!" ती हळूच म्हणाली. "आणखी एक द्या. पण मी असं म्हणाले हे त्या सातुर्निनाला कळलं, तर याद राखा!"

"कळलं गं, कळलं!" शिडीवरून कौलं वर देता देता सातुर्निना ओरडली. "आणि माझाही ग्लास भरा, भाऊजी!"