एव्हारिस्तोचं अस्सल जाळं

"अस्सल आणि सुरक्षित! दोन्ही! एकदम!" असं एव्हारिस्तोने गटाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, तेव्हाच आम्ही त्याला थांबवायला हवं होतं. पण मूठ लागली त्याची त्यालाच, आणि आम्ही सगळे बर्फ शोधण्यात गुंतलो.

नऊ वर्षं एव्हारिस्तो आमच्या हौशी ग्लॅडिएटरांच्या लुटुपुटीच्या खेळात मढी ओढत होता. म्हणजे कुणी हरून 'मेला' की त्याचे पाय धरून त्याला वाळूतून बाहेर न्यायचं. काम प्राचीन आहे, पण मानाचं नाही! या वर्षी एप्रिलमध्ये, रोम शहराच्या वाढदिवसाला त्याला पहिल्यांदा लढायला मिळणार होतं, जाळं आणि त्रिशूळ घेऊन. आणि पंधरा वर्षांची त्याची लेक जिनेव्रा, जी आजवर एकदाही बापाचा खेळ बघायला फिरकली नव्हती, ती चक्क येते म्हणाली होती! तिच्यासमोर एकदा तरी ताठ उभं राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

अडचण एकच: क्लेलियाबाई. या लॅटिनच्या निवृत्त शिक्षिका, आणि आमच्या गटाच्या प्रमुख. प्रत्येकाने आपापली हत्यारं आणायची आणि बाईंनी ती तपासायची, असा नियम. त्रिशूळाची टोकं त्या स्वतःच्या तळहातावर दाबून बघतात. जाळ्याचा तर धागा उपटून त्याला काडीच लावतात! राख झाली तर पास, वितळला तर नायलॉन. गेल्या वर्षी आमच्या ताद्देओ खाटकाचं जाळं थेंब थेंब होऊन बाईंच्या नव्या बुटांवर पडलं होतं. तेव्हापासून तो बिचारा तोंड झाकणारं शिरस्त्राण घालूनच लढतो.

अंबाडीचं खरं जाळं आता विणतं कोण? एव्हारिस्तो तीन रविवार समुद्रकिनारी भटकला. शेवटी आन्झिओच्या बंदरात नझ्झारेनोकाका नावाचे म्हातारे कोळी भेटले. त्यांच्या बापाचं जाळं माळ्यावर होतं.

"चाळीस वर्षं खारवलेल्या मासळीच्या पिंपांवर झाकलंय," काका म्हणाले. "म्हणून टिकलं. मिठाने मुरलंय बघ!"

"काका, हे तर सोनं आहे!"

"सोन्याला वास नसतो, बाळा."

एव्हारिस्तोला वास आलाच नाही. आनंदात माणसाचं नाक बंद होतं की काय कोण जाणे! त्याने जाळ्याच्या कडेची शिशाची वजनं काढून वाळूच्या मऊ पिशव्या शिवल्या, त्रिशूळाला गोल लाकडी टोकं बसवली आणि सगळं छाती फुगवून घरी आणलं.

"एव्हारिस्तो!" बायको ऑर्नेला स्वयंपाकघरातून किंचाळली. "घरात काय मेलंय?"

"इतिहास आहे तो, ऑर्नेला!"

"मग त्याला पुरून ये!"

तपासणीत मात्र त्याने मैदान मारलं. बाईंनी धागा पेटवला आणि त्याची भुरभुरीत राख झाली. बाईंचे डोळे पाणावले. ते धुराने की भक्तीने, हे विचारायची आमची हिंमत झाली नाही. वास त्यांनाही आला असणार, पण अस्सलपणाला वास असतोच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आता ओलं जाळं जड होतं आणि फेकलं की नीट पसरतं, हे आम्हा लोकांना पक्कं ठाऊक. म्हणून एव्हारिस्तोने लढतीआधी ते बादलीभर कोमट पाण्यात तासभर भिजवलं. चाळीस वर्षांची झोपलेली मासळी त्या पाण्यात जागी झाली!

आमचं मैदान जुन्या विटांच्या भग्न भिंतींना लागून आहे. त्या भिंतींत रोमची मांजरं राहतात. त्यांना हलवायला कायद्याने बंदी आहे. आणि कायद्याहून कडक इओलेआजी आहेत, त्यांना रोज शेवया आणि काळीज खाऊ घालणाऱ्या.

कर्णे वाजले. पहिल्याच बाकावर जिनेव्रा बसली होती. एव्हारिस्तोने तिच्याकडे पाहिलं, जाळं डोक्यावरून गरगर फिरवलं आणि ताद्देओवर असं काही झोकात फेकलं की प्रेक्षक उभे राहिले. ताद्देओ पुरता अडकला! जिंकलो, असं एव्हारिस्तोला वाटलं न वाटलं तोच भिंतीवरून एक लठ्ठ पिवळा बोका उडाला आणि ताद्देओच्या पाठीवर बसला.

मग दुसरं मांजर आलं. मग तिसरं. मग मोजायचं आम्ही सोडून दिलं.

"पाठीवर काय आहे?" शिरस्त्राणाच्या दोन भोकांतून काही न दिसणारा ताद्देओ ओरडला. "एव्हारिस्तो! हे नियमात नाही!"

एव्हारिस्तो जागच्या जागी थिजला. विजय नको, पण मांजरं आवर, अशी त्याची गत! त्याने जाळं ओढलं, तर जाळ्याबरोबर सगळी मांजरं आली आणि ती त्याच्याच अंगावर चढली. तो धाडकन आडवा झाला. तेवढ्यात इओलेआजी छत्री उगारून वाळूत घुसल्या.

"मेल्या! माझ्या लेकरांना जाळ्यात धरतोस?"

"आजी, मी नाही, तीच मला..."

"त्रिशूळसुद्धा आणलायस, राक्षसा!" आणि छत्रीचा पहिला फटका बसला.

लोकांना वाटलं, हाही खेळच. टाळ्यांचा कडकडाट! शिट्ट्या वाजवत दोन पोलीस धावले. त्यातल्या थोरल्याने जाळं पाहिलं, त्रिशूळ पाहिला, मांजरं पाहिली आणि वही काढली.

"साहेब, आता हे मी काय म्हणून लिहू?" त्याने एव्हारिस्तोवर वाकून विचारलं.

"अस्सल," वाळूतूनच एव्हारिस्तो पुटपुटला.

क्लेलियाबाईंनी नाकाला रुमाल लावला. मग त्या म्हणाल्या, "एव्हारिस्तो, हे जाळं उकळत्या पाण्यात तीनदा धू. नाहीतर उद्यापासून पुन्हा मढी ओढ."

एव्हारिस्तोचं अर्धंच लक्ष होतं. वाळू तुडवत जिनेव्रा त्याच्याकडे येत होती. आता लेक आयुष्यात कधी आपल्याकडे बघणार नाही, असं त्याला वाटलं. त्याने डोळे मिटून घेतले.

"बाबा!"

त्याने एक डोळा उघडला. पिवळा बोका तिच्या कडेवर होता आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा, इतकं भारी मी जन्मात काही बघितलं नाही! पुढच्या महिन्यात मी सगळ्या वर्गाला घेऊन येणार!"

"खरंच येशील?"

"येईन. पण जाळं धुतलंस तर नाही!"

एव्हारिस्तोने बाईंकडे पाहिलं, मग लेकीकडे. विचार करायला त्याला एक क्षणही लागला नाही.

मे महिन्याच्या खेळात मढी पुन्हा एव्हारिस्तोच ओढत होता. खांद्यावर न धुतलेलं जाळं, मागे शेपट्या ताठ केलेली मांजरांची रांग, आणि पहिल्या बाकावर जिनेव्राचा अख्खा वर्ग. टाळ्या थांबेनात. त्या मांजरांना होत्या, पण कमरेत वाकून आभार एव्हारिस्तोने मानले.