खांब नंबर बहात्तर

लोसाला नोकरीत कायम व्हायला फक्त अकरा दिवस उरले होते आणि शुक्रवारी बरोब्बर चार वाजता फेतूच्या बसनं हॉर्न मारला.

सगळं बिघडलं ते त्या हॉर्नमुळेच, असं लोसा आजही शपथेवर सांगते!

सवाई बेटाच्या त्या टोकाला जिल्हा कार्यालय एक, त्यात कॉम्प्युटर एक आणि तो चालवणारी लोसा. वय बावीस. राजधानीत, आपियाला जाऊन तिनं कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स केला होता, आणि आईनं ते सर्टिफिकेट फ्रेम करून स्वतःच्या लग्नाच्या फोटोच्या वर टांगलं होतं. वर! त्या शुक्रवारी ती नव्या सभागृहाच्या उद्घाटनाची यादी करत होती. चोवीस मताई, म्हणजे घराण्यांचे पदवीधारी मानकरी, आणि चोवीस खांब. कोणाचं वय किती, कोणी कोणत्या खांबाला टेकून बसायचं आणि कोणी किती डुकरं आणायची, एवढंच.

शेवटची ओळ टाइप झाली आणि हॉर्न वाजला. ती शेवटची बस. चुकली की पाच मैल पायपीट. तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला : सारख्या नावांच्या ओळी एकत्र करू का?

"कर बाई, काय करायचं ते कर!" म्हणत लोसानं 'हो' दाबलं, यादी छापली, ती झाडू मारणाऱ्या आत्याच्या हातात कोंबली, "आत्या, सभागृहाच्या दाराला लाव!" असं ओरडली आणि धावत सुटली.

आता तो प्रोग्राम बनवणारा माणूस होता ऑकलंडचा. त्याच्या हिशेबी एक नाव म्हणजे एक माणूस. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की लेमाउतू ही घराण्याची पदवी आहे, ती आधी लिहायची आणि माणसाचं नाव मागून, आणि गावात लेमाउतू एकूण नऊ आहेत! मशीननं नऊच्या नऊ जणांचा एक माणूस केला. वर कामसूपणा एवढा, की दिसेल त्या आकड्याची बेरीज मारली.

सोमवारी सकाळी लोसा कार्यालयात आली तर दारात नऊ लेमाउतू उभे. प्रत्येकाचे खांदे दरवाजाएवढे. सगळ्यांत म्हातारे ताविता आजोबा काठी आपटत होते.

"पोरी, वाच!" त्यांनी यादी पुढे केली.

लोसानं वाचलं. "लेमाउतू फेतू. वय चारशे शहाण्णव. खांब नंबर बहात्तर."

"बाकीचे आठ जण मेलो काय आम्ही?"

"आजोबा, ते मशीननं..."

"मशीननं निकाल दिला!" फेतू कॉलर ताठ करत म्हणाला. हाच तो बसवाला, घराण्यात सगळ्यांत धाकटा, वय चौतीस. यादीत त्याची ओळ पहिली होती म्हणून त्याचं नाव तेवढं शाबूत राहिलं होतं. "सरकारी कागद आहे. खरा लेमाउतू मी एकटा. तुम्ही सगळे माझ्यात जमा!"

"तुझ्यात जमा? तुझी लंगोटी धुतलीय मी!" आजोबा कडाडले.

"आणि बहात्तरावा खांब कुठाय रे?" दुसरा गरजला. "सभागृहाला खांब चोवीस. तसंच मोजत गेलं तर बहात्तरावा येतो समुद्रात!"

आरडाओरडा ऐकून कार्यालयाचे प्रमुख इयाकोपो साहेब बाहेर आले. त्यांनी यादी पाहिली, मग लोसाकडे पाहिलं. "घराण्यात भांडण लावलंस! कायम व्हायचं विसर आता."

लोसाच्या डोळ्यांसमोर भिंतीवरची फ्रेम खाली उतरायला लागली.

नऊ लेमाउतूंमध्ये शाळेतल्या सालोमेबाईही होत्या. त्यांनी सावकाश चष्मा लावला.

"फेतू, अभिनंदन हं. पुढचा रकाना वाचलास का?"

"कुठला?"

"डुकरं. नऊ."

फेतूची कॉलर आपोआप खाली आली. "नऊ? पण प्रत्येकाचं एक ठरलं होतं!"

"तू एकटाच आहेस ना? आम्ही तर तुझ्यात जमा."

"बाई, असं कसं? आपण नऊ जण आहोत! कायम नऊच होतो!"

"मी तर मेलोय," ताविता आजोबा खूश होऊन म्हणाले. "मेलेला माणूस डुक्कर आणत नाही."

"मी पण मेलो!" दुसरा म्हणाला.

"आजोबा, मरू नका हो!" फेतू लोसाकडे वळला. "लोसाताई, पाया पडतो, सगळ्यांना जिवंत कर!"

लोसानं पंधरा मिनिटांत आठही जणांना जिवंत केलं. प्रत्येकानं मागे उभं राहून आपापलं वय, खांब आणि डुक्कर तपासून घेतलं. जाताना आजोबा साहेबांना म्हणाले, "पोरीला काढलंत तर आम्ही नऊही जण खांब सोडून उठू." साहेबांनी दुरुस्त यादीवर सही ठोकली.

पण त्यांच्या डोक्यात ते बटण शिरलं. एका दाबात नऊ माणसांचा एक! दुसऱ्या दिवशी लोसा जेवायला गेल्यावर त्यांनी कर्मचाऱ्यांची यादी स्वतः उघडली आणि आपियाला पाठवताना, प्रश्न आला तसा, ऐटीत 'हो' दाबलं.

अकराव्या दिवशी पत्र आलं. लोसानं ते मोठ्यानं वाचलं.

"लोसा पेनी, कॉम्प्युटर ऑपरेटर, यांना सेवेत कायम करण्यात येत आहे." ती टाळ्या वाजवत गोल फिरली. मग खालची ओळ दिसली. "वय शहात्तर असल्यामुळे त्यांना आजपासूनच निवृत्त करण्यात येत आहे."

"शहात्तर?" साहेब दचकले.

झाडू मारणाऱ्या आत्याचं नावही लोसा पेनीच! भाचीचं नाव तिच्यावरूनच ठेवलेलं. बावीस अधिक चोपन्न.

"आणि माझं काय?" आत्यानं विचारलं.

"तू यादीत नाहीसच आत्या. तू माझ्यात जमा."

साहेबांनी घाईघाईनं आपियाला फोन लावला. उत्तर आलं, "आज चारच्या आत दुरुस्त यादी आली तर दोघी कायम. नाहीतर निरोपसमारंभ करा."

"लोसा, बस! टाइप कर!"

लोसानं खुर्ची मागे सरकवली आणि हाताची घडी घातली. "नाही जमायचं साहेब. निवृत्त माणसाला कामाला लावता येत नाही. नियम आहे."

साहेब बसले. एका बोटानं टाइप करू लागले. आत्यानं कोको आणून ठेवला, तो निवला. चारला एक मिनिट असताना शेवटची ओळ झाली आणि पडद्यावर प्रश्न आला. साहेबांचं बोट वर गेलं.

बाहेर फेतूच्या बसनं हॉर्न मारला.

दोन्ही लोसांनी साहेबांचा एकेक हात घट्ट धरला. धाकटीनं प्रश्न पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, 'नाही' दाबलं आणि यादी पाठवली.

बस निघून गेली. तिघंही पाच मैल चालत घरी गेले, आणि साहेब सगळ्यांत मागे.