मिसरच्या राणीचा अंत पाहिल्याची हकिकत

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, राज्ये बुडतात आणि राण्या मरतात, परंतु त्या मरताना पाहावयास मिळणे हा नशिबाचा भाग. ते नशीब श्रीमती काकूसाहेब यांस लग्न जाहल्यापासोन लाभले नव्हते. ते कोणे मसलतीने लाभले, हे पुसाल तर हकिकत ऐसी जे:

काकूसाहेबांचे यजमान राजश्री अण्णा, पाणीपुरवठा खात्याचे निवृत्त अंमलदार, स्वभावे सज्जन, चहाखेरीज व्यसन नाही. परंतु खोड एक, आणि ती दांडगी. कोणताही चित्रपट शेवटास येऊ लागला की उठोन उभे राहावे आणि फर्मान सोडावे की, "चला, गर्दी व्हायच्या आत गाडी काढू." मग काकूसाहेबांनी अंधारात पायांनी चपला चाचपाव्या आणि मुकाट कूच करावे. येणेप्रमाणे सारा संसार जाहला. बंगल्यातील खून कोणी केला ते कळले नाही, आंधळ्या नायिकेस दृष्टी आली की कसे याचा निकाल नाही, आणि हरवलेले जुळे भाऊ एकमेकांस अद्याप शोधीतच आहेत. शेजारणींस पुसावे तर त्या म्हणत, "अहो, तुम्ही पण होतात की." सबब कपडे वाळत घालता घालता काकूसाहेब मध्येच थांबत आणि "सापडला असेल का हो तो?" ऐसे पुसत, आणि अण्णांस वाटे, हरवलेला पायमोजा.

ऐसियास मिसरची राणी आणि रोमचे सरदार यांजवरील थोर खर्चाचा चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखल जाहला. काकूसाहेबांनी मनी निश्चय केला की, ही राणी तरी आपले डोळ्यांदेखत मरावी. मग स्वयंपाकघरात नणंदबाईंशी खलबत जाहले. या अण्णांच्या वडील भगिनी, देहाने बुलंद, एकदा बसल्या म्हणजे बसल्या. त्यांस कडेची खुर्ची द्यावी, अण्णांस आत घालावे आणि वाट रोखावी, ऐसा मनसुबा ठरला.

काकूसाहेबांनी शंका काढिली, "वन्सं, ओलांडून गेले तर?"

"तो? लहानपणी गादीवरून उडी मार म्हटलं तर रडायचा."

तथापि काकूसाहेब धोरणी. कोट झटकण्याचे मिषाने त्यांनी अण्णांच्या खिशातोन गाडीची किल्ली काढिली आणि आपले पर्समध्ये बंदोबस्ताने ठेविली.

मग दिवे मालवले आणि पडदा उजळला. सोन्याचे सिंहासन आले, आणि त्यामागे हत्ती आले, आणि त्यामागे नर्तकी आल्या, आणि मग तेच हत्ती दुसरी झूल पांघरोन पुन्हा आले. राणीचा मुकुट ऐसा वजनदार की बोलताना मान न हलविता ती केवळ डोळे फिरवी. रोमचा सरदार उघड्या गुडघ्यांनिशी आला, तिजवर फिदा जाहला आणि सल्तनतीचे काम विसरला. राणीचा संगमरवरी हमाम पाहोन अण्णा बोलले, "एवढ्या उंचावर पाणी चढवतात कसं हे?"

"गप बैस," ऐसा नणंदबाईंचा हुकूम जाहला. तो त्यांचा अखेरचा हुकूम. मध्यंतरी मक्याच्या लाह्या भक्षोन त्यांस निद्रा आली आणि बुरूज जागीच घोरू लागला.

पुढे दर्यावर युद्ध जाहले, गलबते जळाली, सरदार आपल्याच तलवारीवर पडला. अण्णा उठले. फर्मान सुटले. काकूसाहेब हलल्या नाहीत. मागील रयतेतोन "ओ काका, बसा की खाली" ऐसी हाकाटी जाहली.

"अगं, चल ना."

काकूसाहेबांनी पडद्यावरील नजर न काढिता जबाब दिल्हा, "तुम्ही व्हा पुढे. राणी मेली की आलेच."

ऐसा जबाब त्या मुखातोन कधी निघाला नव्हता. अण्णा निद्रिस्त भगिनीस ओलांडोन, तिचा पाय तुडवोन, गाडीतळाकडे रवाना जाहले. तेथे खिसे उलटे केले. किल्ली नाही. मग किल्ली मागावयास हात पुढे करोन तैसेच माघारी फिरले. त्यांची सावली येताना पाहोन काकूसाहेबांनी पर्स उराशी कवटाळली, कारण पडद्यावर नेमकी फळांची टोपली आली होती, आणि फळांत साप होता.

राणीने मुकुट उतरविला. इतक्या वेळात प्रथमच तिने मान हलविली. अण्णा पायरीवर होते तेथेच थबकले, आणि मग हळूच पायरीवरच बसले, आणि पुढे केलेला हात तैसाच राहिला. राणी मेली. यथासांग, सावकाश मेली. काकूसाहेबांनी डोळ्याची पापणी लवू दिल्ही नाही.

दिवे लागले तो अण्णा चष्मा पुशीत होते.

"चला," काकूसाहेब बोलल्या, "गर्दी होईल."

"होऊ दे. नावं चाललीयेत अजून."

मग गाडीतळावर चहूंकडोन वेढा पडला. पुढे गाडी, मागे गाडी, भोंग्यांचा कल्लोळ. काकूसाहेबांनी पर्स उघडोन किल्ली दिल्ही. अण्णा सुकाणूवर हात ठेवोन पुसते जाहले, "त्या बंगल्याच्या सिनेमात खून कोणी केला होता गं?"

"मला काय विचारता? तुम्ही गाडी काढत होतात."

मागील आसनावरोन, डोळे न उघडता, नणंदबाई वदल्या, "माळ्यानं."

येणेप्रमाणे एके दिवशी एक राणी पोचविली आणि एक माळी धरिला. जुळ्या भावांचा तपास जारी आहे. गाडी सर्वांचे शेवटी निघाली. फत्ते जाहली.