स्ट्रेचर नंबर सतरा

मेजर कुणाच्या बापाला घाबरत नाहीत! हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण मेजर ते रोज संध्याकाळी शिंप्याच्या दुकानासमोर खुर्ची टाकून स्वतःच सांगत. "भीती? ती काय असते हो? आम्ही तोफेच्या तोंडासमोर दाढी केलेली माणसं!" शिंपी मशीन थांबवायचा, कडक सलाम ठोकायचा आणि मग पुन्हा काज करायला घ्यायचा.

आता खरं सांगायचं तर मेजर हे मेजर नव्हतेच. पलटणीत ते स्ट्रेचर उचलायचे. जखमी माणूस स्ट्रेचरवर घालायचा आणि डोंगर उतरून दवाखान्याच्या तंबूत पोचवायचा. काम जिवावरचं, पण हुद्दा तळाचा. नोकरी संपवून घरी आले तेव्हा कुणीतरी गमतीत 'मेजर' म्हटलं, यांनी दुरुस्त केलं नाही, आणि बायकोची आपोआप मेजरीणबाई झाली.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण नोकरीच्या शेवटच्या दिवशी ट्रंक उचलायला हमाल मिळेना, म्हणून मेजरांनी ती स्ट्रेचरवर ठेवून ट्रकमध्ये चढवली. ट्रक सुटला. ट्रंक घरी आली आणि तिच्याबरोबर सरकारी स्ट्रेचरही घरी आलं! उद्या परत पाठवू, परवा पाठवू, असं करता करता एकतीस वर्षं झाली. जावई मुक्कामाला आले की त्याच्यावरच झोपायचे. "पाठीला काय बरं वाटतं हो, सासरेबुवा!" म्हणायचे. दांड्यावर ठसठशीत कोरलेलं होतं, सतरा. सासरेबुवा त्यावर चादर ओढायचे.

या स्ट्रेचरपायीच मेजर कधी माजी सैनिक संघटनेच्या हॉलची पायरी चढले नाहीत. हॉल दोन चौकांवर. दर रविवारी आतून जुन्या जवानांचा हसण्याचा गडगडाट यायचा, आणि मेजर समोरच्या फुटपाथवरून मान खाली घालून जायचे. आपली माणसं आत आहेत, आपल्या भाषेत बोलतायत, आणि आपण बाहेर! पण आत गेलो आणि कुणी विचारलं तर?

शनिवारी दुपारी त्याच संघटनेचं पत्र आलं. 'आपल्या सेवाकाळातील एका बाबीचा छडा लावायचा आहे. रविवारी सकाळी दहा वाजता हॉलवर जातीने हजर राहावे. चिटणीस.' आणि खाली सही. ती सही पाहिली आणि मेजरांची पाचावर धारण बसली.

"अगं... अगं, हा जिवंत आहे!"

"कोण?"

"खिळेमोजे!"

खिळेमोजे म्हणजे पलटणीचा स्टोअरवाला हवालदार. पेटी फोडली तर तिचे खिळे मोजून परत घेणारा माणूस! एका जवानाने चमचा हरवला, तर याने त्याला तीन दिवस ओढ्यात उभं करून शोधायला लावला होता. अख्खी पलटण शत्रूला भ्यायची नाही तेवढी याला भ्यायची. चोराच्या मनात चांदणं! मेजरांना वाटलं, झालं, स्ट्रेचरचा छडा लागला. आता बेड्या, पेन्शन बंद, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शिंप्याला सगळं कळणार.

रात्रभर त्यांच्या दातांचा कडकडाट थांबला नाही. पहाटे मेजरीणबाई वैतागून उठल्या.

"अहो, नंबरच घासून टाकू ना! वेल्डरकडे मशीन आहे. नंबर नाही, तर पुरावा नाही."

बाई म्हणजे कमालच होती! आठाच्या सुमारास दोघं निघाली. पुढे मेजर, मागे मेजरीणबाई, मध्ये स्ट्रेचर आणि त्यावर नंबर झाकायला पांढरी चादर. घडी घालायच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, त्यामुळे ते उघडंच न्यावं लागलं. दहा पावलं गेली नाहीत तोच शिंप्याने दात घासता घासता हंबरडा फोडला.

"अरे देवा! मेजर, कोण गेलं हो?"

"कुणी गेलं नाही!" मेजरीणबाई गडबडल्या. "आजारी आहेत. दवाखान्यात नेतेय."

"कोण आजारी?"

"हे!"

शिंप्याने पुढच्या दांड्या धरून उभ्या असलेल्या मेजरांकडे पाहिलं. "पण हेच तर उचलतायत!"

"तेच तर सांगतेय! ऐकतच नाहीत! म्हणतात, माझं मी उचलतो!"

"छे छे! असं कसं मेजर? शेजारी मेलेत का?"

बघता बघता केमिस्ट आला, कसरत मास्तर आले. मेजर "अहो, मला काही नाही, मला काही नाही" म्हणत राहिले. घाम फुटलेला, ओठ पांढरे. ते पाहून केमिस्ट गंभीरपणे म्हणाला, "शेवटच्या वेळी सगळे असंच म्हणतात." तिघांनी मिळून मेजरांना आडवं केलं, उचललं आणि पळत सुटले.

"वेल्डरकडे! वेल्डरकडे!" मेजर ओरडले.

"बडबडायला लागले," मास्तर म्हणाले. "उचला पाय!"

आणि दवाखाना कुठे? हॉलच्या बरोब्बर समोर! मेजरांना स्ट्रेचरवरूनच हॉलचं फाटक दिसलं. दहा वाजायला वेळ होता, तरी तीस-पस्तीस म्हातारे फाटकात उभे होते. आता तोंड लपवायचं कुठे? त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि श्वास रोखून धरला.

डोक्यावरून चादर घेतलेला माणूस म्हणजे काय, हे जुन्या जवानांना शिकवावं लागत नाही. गप्पा थांबल्या. कुणीतरी खड्या आवाजात "सावधान!" म्हटलं. तीस-पस्तीस टाचा एकदम जुळल्या.

"थांबा," एक आवाज आला. सुकलेला, खरखरीत. चादरीखाली मेजरांचं रक्त गोठलं. एकतीस वर्षांनीही तो आवाज तसाच होता. काठीची टकटक जवळ आली. कुणीतरी वाकलं. बोट दांड्यावरून फिरलं.

"सतरा," खिळेमोजे म्हणाला.

मेजर ताडकन उठून बसले! शिंप्याने किंकाळी फोडून आपली बाजू सोडली, मेजर जमिनीवर, चादर कसरत मास्तरांच्या डोक्यावर. मेजरांनी तिथेच हात वर केले.

"साहेब, चुकलो! चोरायचं नव्हतं, ट्रंक जड होती! जावई झोपले, पण बूट काढून झोपले! आणि मी मेजरही नाही, साधा स्ट्रेचरवाला आहे! पण बायकोला त्रास देऊ नका!"

"मेजर नाही?" शिंपी पुटपुटला. "मग मी इतकी वर्षं सलाम कुणाला ठोकत होतो?"

खिळेमोजेने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "उभे राहा," तो मेजरांना म्हणाला. "पाठ करा."

मेजरांची बोबडी वळली. पाठ! म्हणजे गोळी! गल्लीसमोर! त्यांनी डोळे मिटले, बायकोचं तोंड आठवलं आणि कसेबसे वळले. मागे कुबडीचा आवाज आला. कुणाचा तरी श्वास मानेवर लागला. मग एक बोट हळूच त्यांच्या मानेवरच्या, हरभऱ्याएवढ्या चामखिळीला लागलं.

"हाच," मागचा माणूस म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. "हीच मान!"

मेजर भीत भीत वळले. समोर संघटनेचे अध्यक्ष उभे होते, एका पायाचे, उंच, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"सहा मैलांची उतरण होती," ते म्हणाले. "मी आडवा. पुढे उचलणाऱ्याचं तोंड कुठून दिसणार? ही एवढी मान दिसत होती. ती मान सारखी म्हणत होती, 'आलंच हं, आलंच.' अहो, त्या मानेच्या भरवशावर मी जिवंत राहिलो! स्ट्रेचरवाल्यांची यादी मिळाली तेव्हापासून एकेकाला पत्र पाठवून बोलावतोय. तेवीस जण होते. बावीस माना तपासून झाल्या."

मेजरांना हुंदकाच आला. एकतीस वर्षं ज्या फाटकाला ते घाबरले, तिथली माणसं त्यांनाच शोधत होती! म्हाताऱ्यांनी त्यांना घेरलं, पाठ थोपटली, पहिल्या रांगेतली खुर्ची झटकली. शिंपीसुद्धा डोळे पुसत म्हणाला, "जाऊ द्या, सलाम फुकट नाही गेले."

तेवढ्यात काठीची टकटक झाली.

"स्ट्रेचर एक," खिळेमोजे म्हणाला. "मिळालं. पट्टे?"

"क-कसले पट्टे, साहेब?"

"पेशंट घसरू नये म्हणून बांधायचे. जाड कापडी, पितळी बक्कल. दोन." आणि त्याची नजर मेजरांच्या कमरेवर येऊन थांबली.

"दुसरा जावयांच्या स्कूटरला आहे!" मेजरीणबाई घाईघाईने म्हणाल्या. "आजच मागवते!"

"अगं, गप्प!"

खिळेमोजेने तळहात पुढे केला. पलटणीत त्या तळहाताला नाही म्हणणारा अजून जन्माला आलेला नव्हता. मेजरांनी कमरेचा पट्टा सोडला आणि त्यावर ठेवला.

मग अध्यक्षांनी हुकूम दिला आणि तीस-पस्तीस म्हाताऱ्यांनी मेजरांना एकदम कडक सलाम ठोकला. मेजरांनी तो ताठ मानेने, उजव्या हाताने परत केला. डाव्या हाताने त्यांनी पँट धरली होती.