रिबकाबाईंची भूक

मयत झालेल्या घरी जाऊन जेवण मागणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. नुसती पाहिली नाही, माझ्या मोटारसायकलवर मागे बसवून गावोगाव फिरवली आहे. त्यात माझ्या गाडीचे शॉकअप जे बसले ते आजतागायत उठलेले नाहीत.

रिबकाबाई तायडे त्यांचं नाव. आमच्या अंजनगाव सुर्जीच्या मिशनमध्ये त्या बायबलबाई होत्या. बायबलबाई म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगणारी, गाणी शिकवणारी, आजाऱ्यापाशी बसून प्रार्थना करणारी. मी त्याच मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. माझ्याकडे मोटारसायकल आहे हे पाळकसाहेबांनी हेरलं आणि दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी बाईंना खेड्यांवर नेण्या-आणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. सुट्टी गेली आणि बाई आल्या.

ती वर्षं वाईट होती. आमच्या कापसाच्या भागात फवारणीच्या विषाला औषध म्हणतात. 'अमक्यानं औषध घेतलं' असं कानावर आलं की पुढचं विचारायची गरज नसे. मी जन्मभर लोकांना औषध देत आलेला माणूस, पण त्या वर्षांत तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी 'गोळ्या' म्हणायला लागलो.

अशा घरी सुरुवातीला माणसांची रीघ असते. पुढारी येतात, पेपरवाले येतात, फोटो निघतात. शेजारपाजारचे लोक भाकरी आणून देतात. मग तेरवी होते, पाहुणे एसटीनं आपापल्या गावी जातात आणि घरात चिटपाखरू उरत नाही. रिबकाबाई नेमक्या तेव्हा जायच्या. उंबरा ओलांडायच्या, पदर सावरून भिंतीला टेकून बसायच्या. येशूचं नाव नाही, सांत्वनाचा शब्द नाही. पहिलं वाक्य ठरलेलं.

"मले भूक लागली वं माय."

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी उठून बाहेर निंबाखाली जाऊन उभा राहिलो. मला त्या घरातल्या लोकांच्या तोंडाकडे बघवेना. ज्या घरातला माणूस नुकताच गेला, तिथं ही बाई काल सोयरीक जमल्यासारखी जेवायला बसते! बरं, सासू किंवा जाऊ बिचारी लाजेकाजेनं उठली तर तेही चालायचं नाही. "तुया हातचं नाही पाह्यजे," बाई म्हणायच्या आणि कोपऱ्यातल्या विधवेकडे बोट दाखवायच्या. "इच्या हातचं."

आणि एवढ्यावर भागलं तर त्या रिबकाबाई कसल्या? ताट पुढ्यात आलं, पहिला घास पोटात गेला की दुसरं ठरलेलं वाक्य यायचं. "मीठ कमी पडलं."

आता दर्यापूरकडचा आमचा भाग म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी असं की नुसतं प्यालं तरी जीभ आवळते. तिथंही बाईंना मीठ कमी! एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, तुमच्या जिभेले काई बिमारी आहे का?" तर म्हणाल्या, "तू गाडी चालव, बापू. खड्डे पाय."

घर कोणाचं आहे, हे त्या विचारत नसत. भिंतीवर बुद्धाची तसबीर असो, विठोबाची असो की मक्केची, बाईंची नजर चुलीकडे. एका गावात पारावर बसलेल्या पोरांनी आम्हाला अडवलं. त्यांचा म्होरक्या मिशीवर हात फिरवत म्हणाला, "काहून आली वं बाई? धरम बदलवाले?"

"जेवाले आली," बाई म्हणाल्या. "तुया घरी आज काय केलं?"

पोरगं गडबडलं. "वांगे."

"मंग सांजच्याले तुया घरी येतो. आता हट, मले उशीर होऊन राहिला."

पोरं बाजूला झाली. धर्म बदलणाऱ्या बाईशी कसं वागायचं हे त्यांना कोणीतरी शिकवून ठेवलं होतं, भुकेल्या बाईचं काय करायचं ते शिकवलं नव्हतं.

पाळकसाहेबांची मात्र झोप उडाली होती. वाटायला दिलेली पत्रकं बाई जशीच्या तशी परत आणायच्या. ते एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही प्रभूविषयी काही बोलता तरी का?" बाई म्हणाल्या, "तोंडात घास असते, साहेब."

त्यात एकदा परदेशातून पाहुणे आले. नवरा-बायको, दोघंही उंच आणि सज्जन. मिशनचं काम प्रत्यक्ष बघायचं होतं त्यांना. पाळकसाहेबांनी दोघांना जीपमध्ये घालून बाईंच्या मागोमाग एका घरी आणलं. बाई बसल्या आणि म्हणाल्या, "मले भूक लागली वं माय." पाहुणीनं विचारलं, काय म्हणाल्या त्या? पाळकसाहेबांना घाम फुटला. पण ते काही लेचेपेचे नव्हते. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की बाईंना या घराच्या तारणाची भूक लागली आहे. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाईंच्या तारणाची भूक बेसनासोबत, म्हणजे पिठल्यासोबत, भाकरीवर भाकरी मोडून भागत राहिली आणि पाहुणी हात जोडून बघत राहिली. शेवटी तिनंही एक घास मागितला. तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, पण ते मिरचीचं होतं.

गंमत अशी की मिशनच्या आवारातल्या त्यांच्या स्वतःच्या खोलीत बाई कोणाचं काही खात नसत. त्या एकट्या राहायच्या, म्हणून माझी बायको कधीमधी डबा पाठवायची. डबा तसाच परत. "भूक नाही, बापू." माझ्या बायकोला याचा फार राग. "लोकाच्या दुःखाच्या घरी पोट भरते, मंग आपला डबा कायले खाईन?" असं ती मला ऐकवायची. मलाही तसंच वाटायचं.

मग ते वनिताचं घर आलं.

दर्यापूर रस्त्यावरचं आडगाव. वनिताच्या नवऱ्यानं औषध घेतलं, त्याची तेरवी होऊन गेली होती. आम्ही पोहोचलो तर सासू दारातच भेटली. कडेवर नातू. तिनं आम्हाला बाजूला घेतलं आणि आवाज दाबून म्हणाली, "बाई, सून बोलत नाही, खात नाही, लेकराले जवळ घेत नाही. काल तिच्या गोधडीखाली उरलेल्या औषधाचा डबा सापडला. म्या फेकून आली. पन वावरात जाची वाट तर मोकळीच आहे. मी किती दिवस पहारा देऊ?"

आत वनिता भिंतीकडे तोंड करून पडली होती. पंचविशीची असेल नसेल. बाई तिच्या पाठीमागं बसल्या.

"मले भूक लागली वं माय."

पाठ हलली नाही.

सासू चुलीकडे निघाली, तिला बाईंनी हातानंच थांबवलं. बाई बसून राहिल्या. ऊन अंगणातून ओसरीवर आलं. मी निंबाखाली बसून जांभया दिल्या, एका शेळीशी ओळख झाली, आणि मग एकाएकी माझ्या लक्षात आलं की बाईंना शुगर आहे. त्यांच्या गोळ्या मीच देत होतो. सकाळी गोळी घेतली का, असं मी निघताना विचारलं होतं आणि त्या हो म्हणाल्या होत्या. आणि तेव्हापासून माझ्यादेखत त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं.

मी धावत आत गेलो. बाईंच्या कपाळावर घामाचे थेंब होते, हात लटलट कापत होते. माझ्या खिशात ग्लुकोजची पुडी असतेच. ती मी पुढं केली. त्यांनी माझा हात ढकलला.

"बाई, आता पडसान तुमी! घ्या हे!"

"इच्या हातचं खाईन," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती.

"येड लागलं का तुमाले?" मी ओरडलोच. तशा बाई माझ्याकडे बघता बघता भिंतीवरून घसरल्या आणि धप्पकन आडव्या झाल्या.

त्या आवाजानं वनितानं मान वळवली.

आधी तिला काही कळलं नसावं. मग तिनं बाईंचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला आणि ती ताडकन उठली. केस सुटलेले, डोळे लाल. "मरून राहिली का वं बाई?" ती किंचाळली. "माह्या घरात? नाही! या घरात आता आनखी कोनी मरनार नाही! ऐकू येते का तुले?" तिनं फळीवरचा गुळाचा डबा ओढला, खडा फोडला आणि बाईंच्या तोंडात कोंबला. वर पाणी पाजलं. पाजताना शिव्या देत होती. मग चुलीपुढं बसली आणि रागारागानं फुंकर घालू लागली. त्या घरात धूर झाला. भाकरी थापल्याचा आवाज आला. सासू दाराशी तोंडात पदर घालून उभी होती.

बाई हळूहळू उठून बसल्या. बेसन आलं, भाकर आली. त्यांनी घास घेतला. माझं काळीज अजून ठिकाणावर नव्हतं, आणि ही बाई बारीक आवाजात म्हणते,

"मीठ कमी पडलं."

वनिता बाईंकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता ताट भिरकावते. ती उठली, मिठाचा डबा आणून बाईंच्या पुढ्यात आदळला. पण परत भिंतीकडे गेली नाही. चुलीपाशीच बसली. विस्तवाकडे बघत थोड्या वेळानं म्हणाली, "त्याईले बी मीठ जास्तच लागे."

आणि मग ती रडली. रडत रडत नवऱ्याविषयी सांगत राहिली, बाई जेवत राहिल्या, आणि सासूनं नातवाला हळूच तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्याला घट्ट धरलं.

परतताना मी बाईंना वाटभर फैलावर घेतलं. "भूक लागल्याचं सोंग करता, ते समजू शकतो. पन खरोखर उपाशी काहून राहता?"

"सोंगानं उठली असती का ते?" मागून आवाज आला.

मिशनच्या आवारात पोचलो तेव्हा सांज झाली होती. बाईंचे पाय अजून कापत होते, म्हणून मी धरून खोलीत नेलं. त्या खोलीत मी त्याआधी गेलो नव्हतो. एक खाट, एक स्टोव्ह, त्यावर धूळ. भिंतीवर एका पोरीचा फोटो, लग्नातला असावा.

"सुनीता. माही पोरगी," बाई खाटेवर टेकत म्हणाल्या. "तिकडं तेल्हाऱ्याकडं देली होती. जावयानं औषध घेतलं तवा मी गेली. तेरवी होईलोक राह्यली. लय सुंदर प्रार्थना केली म्या, बापू. सारं गाव रडलं."

त्या थांबल्या.

"निंगाच्या दिवशी सुनीता उठली. इतक्या दिवसांत पयल्यांदा उठली. चुलीपाशी बसली अन् म्हने, आई, भाकर टाकते, खाऊन जाय. म्या म्हनलं, पोरी, मले भूक नाही, तू पडून राय. तिले तरास नको म्हनून. अन् म्या एसटी धरली." बाईंनी हातातला पदर उगाच दुमडला. "ते चूल पेटवाले बसली होती, बापू. म्या तिले उठवलं. दुसऱ्या दिवशी सांगावा आला."

पुढचं विचारायची गरज नव्हती. मला बायबलमधलं एखादं वचन आठवायला हवं होतं, निदान देवाचं नाव तरी. काही म्हणजे काही आठवलं नाही. मी म्हटलं, "रातच्याले काय खासान, बाई?"

"मले भूक नाही. तू जाय. तुई बायको वाट पाहत असन."

मी दारापर्यंत गेलो. मग वळलो आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून खाली बसलो.

"बाई, मले भूक लागली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "घरी जाऊन जेव."

"तुमच्या हातचं पाह्यजे."

मला भीती वाटली की आपण नको तो चोंबडेपणा केला. मग त्यांनी गुडघ्यावर हात दाबला आणि कण्हत उठल्या. स्टोव्हवरची धूळ पदरानं पुसली. पीठ शोधलं, बेसन शोधलं. स्टोव्ह भकभकला, विझला, पुन्हा पेटला. भाकर एका बाजूनं करपली. बेसनात गुठळ्या होत्या आणि मीठ इतकं की पहिल्या घासाला माझी जीभ आवळली.

बाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मीठ कमी पडलं," मी म्हणालो.

त्या मीठ आणायला उठल्या.