रिकामा कंस

माणूस नश्वर आहे, पण नीट लिहिलेलं फंक्शन अमर असतं! कोपरच्या महेंद्र शेजवळांनी रविवारी सकाळी नाश्त्याला बसल्या बसल्या हे जाहीर केलं. दुपारी चारला त्यांची अंत्ययात्रा होती.

कारखान्याने घरी बसवल्यापासून शेजवळ पायथन ही संगणकाची भाषा शिकत होते. ठाण्याच्या एका कंपनीत मुलाखतीच्या दोन फेऱ्या पार पडलेल्या, तिसरी सोमवारी. तिथल्या अमृता मॅडम म्हणालेल्या, "सर, स्वतः केलेलं काहीतरी चालताना दाखवा." घरातली चूल त्या एका वाक्यावर टांगलेली.

शेजवळ विहार समितीचे सचिव. कुणी वारलं की दोनशे चौदा घरांना मेसेज धाडायचं काम त्यांचं. मजकूर दर वेळी तोच, अंत्ययात्राही दुपारी चारलाच, फक्त माणूस नवा. फंक्शनला याहून चांगला विषय कुठला! एकदा कृती लिहून ठेवायची. मग फंक्शनला हाक मारून कंसात मयताचं नाव टाकलं की काम फत्ते. यादीत त्यांनी अमृता मॅडमचाही नंबर घातला. बघू देत चालताना!

"बाबा, कंस रिकामा राहिला तर एरर येईल," मुलगी स्वप्ना म्हणाली. "आधीच एक नाव देऊन ठेवा. विसरलात तर ते वापरलं जाईल."

"कुणाचं देऊ?"

"द्या कुणाचंही."

जिवंत माणसाचं नाव मयताच्या जागी? बरं दिसत नाही. शेजवळ पडले सभ्य. त्यांनी स्वतःचं दिलं.

अकराला मागच्या चाळीतले रामाअण्णा वारले. शेजवळांना वाईट वाटलं, पण बोटं शिवशिवत होती. घाईघाईत फंक्शनचं नाव लिहिलं, कंस उघडला, कंस मिटला, बटण दाबलं. रामाअण्णा बाहेरच राहिले.

दहा मिनिटांत शेजारच्या निशावहिनी येऊन शेजवळांच्या बायकोच्या, रमाबाईंच्या गळ्यात पडल्या.

"कसं गं झालं हे एकाएकी?"

"काय झालं?"

"अगं, भाऊजी आपल्यात नाहीत!"

"आत आहेत. चहा पितायत."

दुरुस्ती पाठवायला गेले, तर मेसेजची रोजची मर्यादा संपलेली! माणसं येतच राहिली. समितीचा तानाजी रिक्षातून बांबू आणि पांढरं कापड घेऊन उतरला. शेजवळांना दारात बघून त्याचा चेहरा भिजलेल्या पापडासारखा झाला.

"दादा, तुम्ही जिवंत? अरे यार! दुकानवाला बांबू परत घेत नाही!"

तेवढ्यात रामाअण्णांच्या मुलाचा, प्रेमचा फोन आला.

"काका, खांद्याला चौघंसुद्धा नाहीत हो इथे. आमच्या अण्णांना कोणी ओळखत नव्हतं का?"

शेजवळांच्या अंगणात तेव्हा दीडशे माणसं उभी होती. बांबूचं एक टोक त्यांनी उचललं, दुसरं तानाजीने, आणि सगळी गर्दी मागच्या चाळीकडे वळली. स्वतःच्या मयतीचं सामान वाहत सगळ्यांच्या पुढे चालणारा कोपरमधला तो पहिलाच माणूस असावा.

सोमवारी सकाळी त्यांनी ठाण्याच्या कंपनीत फोन लावला.

"मॅडम, शेजवळ बोलतोय. ते माझं फंक्शन होतं. चाललं!"

"अय्या! सॉरी सर... म्हणजे, बरं वाटलं ऐकून. पण तुमचा अर्ज मी आत्ताच बंद केला. सिस्टीममध्ये परत उघडत नाही तो. तुम्ही नवा भरा ना!"

नव्या अर्जाला वयाची अट पन्नास होती. शेजवळांना मागच्याच महिन्यात एक्कावन्नावं लागलं होतं.