हकीकत येमाजी शाहिराच्या एका मताची

श्रीगजवदनास साष्टांग नमस्कार असो, आणि मत देते वेळी ज्याची बुद्धी जाग्यावर राहिली त्यासही असो. शके सोळाशे सव्वाचौसष्ट, दुंदुभी नाम संवत्सरी, एक राज्य होते. नाव सांगत नाही, तेथील लोक भांडावयास येतील. त्या राज्यी राजा नाही. दर पाच वर्षांनी लोक जमून आपला राज्याध्यक्ष निवडीत, आणि चाल ऐसी की मत देणाराने पाटावर उभे राहून, ज्यास मत द्यावयाचे त्याची स्वतःच्या ठाऊकीची एक गोष्ट सांगावी, गाण्यात ऐकिलेली सांगू नये, आणि ज्यास काहीच सांगता न ये त्याने पुढली निवड होईतो चारचौघांत तोंड उघडू नये.

त्या साली उमेदवार दोघे. एक दुर्गोजीराव, मिशा ऐशा की दारातून आधी त्या येत आणि मग रावसाहेब येत. दुसऱ्या आवडाबाई, बोलणे थोडे, आणि तेही कामापुरते. दोहोंचे पोवाडे करणारा शाहीर मात्र एकच, येमाजी, कारण राज्यात दुसरा नव्हता. सकाळी रावांच्या मंडपी गाई आणि दुपारी बाईंच्या मंडपी गाई, डफ तोच, चाल तीच, नाव तेवढे पालटी. मग निवडीचा दिवस उगवला. कोणी सांगे, आमचा हरवला बैल रावांनी शोधून दिला, आणि कोणी सांगे, बाईंनी आमच्या लग्नात पंगत उठेतो वाढिले, आणि मोजिता दोहीकडे सारखीच, नऊशे एक नऊशे एक मते भरली. मग कारभारी पुसते जाहले, "कोणी राहिले काय?" तोच एक म्हातारा बोलिला, "येमाजी राहिला. घसा बसला म्हणून घरी काढा पीत पडला आहे." मग जासूद धाडिला की दिवस मावळायच्या आत यावे.

येमाजी घाबरा जाहला. पाच वर्षे मौन म्हणजे शाहिरास जिवंतपणी मरण. बायको भिवराबाई चुलीपाशी होती, तीस म्हणाला, "अगं, मला दोघांचे काय ठाऊक? जे ठाऊक ते मीच रचलेले."

"अहो, मग रचलेले सोडून सांगा काही."

"सोडून काय राहते? मी आपला दुर्गोजीरावांस देतो. गुणग्राहक पुरुष! 'दारी दोन हत्ती झुलती' ऐसे लिहिले, तर निरोप आला, शाहीर, चार करा."

"आणि दारी किती आहेत?"

"एक तट्टू आहे. लंगडते."

"आणि बाई?"

"तिचे नाव काढू नको! माझा कागद खोडून परत धाडिला. सबंध पोवाड्यातली उत्तम ओळ खोडिली. आहे कोठे तो कागद?"

"लोणच्याच्या बरणीवर बांधला आहे."

मग बरणी उतरविली आणि कागद सोडून पाहिला. 'अवर्षणी सात विहिरी, बाईने खणिल्या स्वकरी,' ही ओळ आडवी खोडलेली, आणि खाली बाईंच्या हातचे अक्षर, "विहिरी तीन. खणणारे वडार. तिसरीस पाणी लागले नाही." भिवराबाई बोलिली, "आजवर किती थोरांचे पोवाडे केलेत?"

"साठ तरी."

"त्यांत कमी करा म्हणून कोण बोलिले?"

येमाजीने बोटांवर मोजून पाहिले, एकही बोट मुडपेना. मग हळूच म्हणाला, "पण ओळ चांगली होती गं."

"ओळ चांगलीच होती. पागोटे घाला, दिवस उतरला."

मग येमाजी सभेस गेला. दुर्गोजीराव मिशीवर हात फिरवून बोलिले, "शाहीर, हत्ती विसरू नका!" सभा हसली. येमाजीने पाटावर उभे राहून तो तेलकट कागद वर धरिला आणि बसल्या घशाने वदला, "आपल्या तिसऱ्या विहिरीस पाणी लागले नाही हे या बाईंनी स्वहस्ते लिहून मजकडे धाडिले. मी रचिले नाही, मी तर सात विहिरी रचिल्या होत्या. माझे मत यांस." सभेत हिंगाचा वास दरवळला आणि आवडाबाई राज्याध्यक्ष जाहल्या.

बाईंचा पहिला हुकूम सुटला की माझा पोवाडा कोणी गाऊ नये, शाहिराने तिन्ही विहिरींवर जाऊन पाण्याचे खरे वर्तमान तेवढे गावे. येमाजीने कपाळ बडविले, "ज्या मौनास भ्यालो तेच पदरी आले!" भिवराबाई बोलिली, "तोंड मोकळे आहे ना? गा की." मग तो गाता जाहला. दोन विहिरींचे कवन लवकर संपे, म्हणोन सारी करामत तिसरीवर केली. 'तिसरी कोरडी, बाईंची तिसरी कोरडी,' ही चाल ऐसी लागली की दळणारणी गात, गाडीवान गात, आणि बाईंच्या खिडकीखाली पहारेकरीही गात. बाईंनी पहारा बदलिला नाही. वडारांस पुन्हा लाविले. चौथ्या वर्षी, अकरा पुरुष खोलीवर, पाणी लागले.

येमाजी स्वतः खाली उतरला, ओंजळभर प्याला, वर आला आणि कवनाचा कागद काढिला. सबंध राज्याच्या तोंडी बसलेली ओळ होती. हात जरा थांबला. मग आपल्याच बोरूने खोडिली.

एवंच, मत देणाराने पोवाडा ऐकावा, चाल बरी असल्यास मानही डोलवावी, आणि मग खोडलेला कागद मागून पाहावा. आम्हीही या हकीकतीत आधी नऊ हत्ती घातले होते. खोडिता चार राहिले, तेही रावांचे. बोरू ठेविला.